पुरात भिजलेली चावीची आगगाडी: पेंटरकडे नेऊ नका, आधी हे वाचा

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो. सांगलीत गावभागात तुमचं घर, आजोबा मिरज स्टेशनला नोकरीला होते, त्यांनी मुंबईहून आणलेली चावीची आगगाडी ट्रंकेत होती आणि २०१९ च्या पुरात ट्रंकेसकट पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर कुणीतरी उन्हात वाळवून परत गुंडाळून ठेवली, ती आत्ता उघडलीत. इंजिन जाम, डब्यांवर गंज, पुठ्ठ्याचा खोका फुगलेला. खोक्यावर हॉर्नबी आणि मेकॅनो लिमिटेड, लिव्हरपूल असं छापलंय, इंजिनावर ३४३५ नंबर, डब्यावर मार्जोरी असं नाव. ओळखीचा एक पेंटर म्हणतोय द्या इकडं, कोरी करकरीत करून देतो. तर रंगवू का, चालू होईल का आणि किंमत किती येईल, हे तीन प्रश्न.

रंगवू नका. चालू बहुतेक होईल. किंमतीचं शेवटी सांगतो, कारण ते ऐकून तुमचा मूड जाईल आणि मग बाकीचं वाचणार नाही.

मी मिरजेत घड्याळं आणि चावीची खेळणी दुरुस्त करतो, जुन्या आगगाड्या जमवतोही, त्यामुळं पुराच्या पाण्यातनं आलेला माल बराच बघितलाय. २००५ चा बघितला, २०१९ चा बघितला, २०२१ चा पण. साध्या पाण्यात भिजलेली वस्तू आणि कृष्णेच्या पुरात भिजलेली वस्तू यात फरक आहे बघा, कारण पुराचं पाणी आपल्याबरोबर गाळ आणतं, तो काळा चिकट गाळ पत्र्याच्या घडीत, चाकाच्या मागं, स्प्रिंगच्या वेटोळ्यात जाऊन बसतो आणि वरून वाळल्यासारखा दिसला तरी दर पावसाळ्यात हवेतला ओलावा धरून ठेवतो. म्हणजे तुमची गाडी २०१९ ला एकदाच भिजली नाही, त्यानंतर दर जून ते सप्टेंबर ती थोडी थोडी भिजतीये. म्हणून पहिलं काम चालू करायचं नाही, पहिलं काम तो गाळ काढायचा.

पण त्याच्याआधी तुमच्याकडं नक्की काय आहे ते समजून घ्या. फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा माणूस, त्यानं १९०१ मध्ये मेकॅनोचं पेटंट घेतलं, ते भोकाभोकाच्या पट्ट्या आणि नटबोल्टवालं, आपल्याकडं पण बऱ्याच घरात होतं. आगगाड्या त्यानं १९२० पासून काढल्या, लिव्हरपूलला बिन्स रोडवर कारखाना होता. सुरवातीच्या गाड्या सगळ्या ओ गेजच्या, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ३२ मिलिमीटर. मिरजेच्या माणसाला गेज समजवायची गरज नाही म्हणा, ब्रॉड, मीटर आणि बार्शी लाइट रेल्वेची नॅरो अशी तिन्ही गेजं एकाच जंक्शनात बघितलेली माणसं आपण. १९३८ ला त्यांनी डब्लो नावाची छोटी गाडी काढली, तिचं गेज साडेसोळा मिलिमीटर. पुढं १९६४ ला मेकॅनो कंपनी ट्रायांग नावाची खेळणी काढणाऱ्या लाइन्स ब्रदर्स कंपनीकडं गेली. तर ३४३५ नंबर, पत्र्यावर छापलेलं चित्र आणि मार्जोरी नावाचा डबा हे सगळं एम-वन नावाच्या सेटचं लक्षण आहे, हॉर्नबीच्या स्वस्तातल्या मालिकेतला, सामान्य घरातल्या पोरांसाठी काढलेला. इंजिनाच्या केबिनमध्ये मागच्या बाजूला दांडे बघा, एक ब्रेकचा आणि एक पुढं-मागं जायचा. त्याच्याहून स्वस्त एम-झीरो होतं, ते फक्त पुढं जातं.

आता रंगाचा विषय, कारण पेंटर तुमच्या मागं लागलाय. या डब्यांवर रंग ब्रशनं किंवा स्प्रेनं मारलेला नाही, सपाट पत्र्यावर लिथो छपाई करून मग तो पत्रा कापून, वाकवून, कान दुमडून डबा केलाय. खिडक्या, दारं, मार्जोरी हे नाव, सोनेरी रेघा, सगळी छपाई. ती एकदा खरवडली की जगातला कुठला पेंटर ती परत आणू शकत नाही, तो फक्त त्याच्यावर एक सपाट हिरवा थर देईल आणि तुमच्या आजोबांची गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसायला लागेल. माझ्याकडं असंच एक इंजिन आलं होतं, गॅरेजमध्ये पॉलिश पेपर मारून, प्रायमर लावून, वर ड्युको मारलेला, चकाचक, आणि खाली काही शिल्लकच नाही. त्याला काय सांगणार. शिवाय जुन्या रंगात शिसं असायचं, कोरडा पॉलिश पेपर मारला की ती धूळ नाकातोंडात जाते, घरात लहान पोरं असतील तर मुळीच नको.

मग रंगवायचंच नाही का कधी? रंगवतात, पण जे मुळात रंग मारलेलं इंजिन आहे, छपाईचं नाही, आणि ज्याच्यावर मूळ रंग जवळपास उरलेलाच नाही किंवा आधीच कुणीतरी ऑइलपेंट फासलाय, तिथं. आणि तेव्हा सुद्धा आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी साल आणि पुन्हा रंगवलंय असं कोरून किंवा लिहून ठेवायचं म्हणजे पुढं कुणी फसणार नाही. तुमची केस ती नाही. फोटोवरून निम्म्याच्या वर छपाई शाबूत दिसतीये.

साफसफाई कशी करायची ते सांगतो. पहिल्यांदा कोरडा मऊ ब्रश घ्या, रंगपेटीतला जाड केसांचा चालतो, आणि गाळ नुसता झटका, घासू नका, गाळात वाळूचे कण असतात आणि घासलं की तेच कण छपाईवर चरे पाडतात. डबा उलटा धरून खालनं टिचक्या मारल्या की आतला बराच माल पडतो. मग इअरबड घ्या, शिलाई मशीनच्या तेलात टेकवा, जास्तीचं तेल कागदावर टिपा आणि डब्याच्या खालच्या बाजूला, कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी गोल गोल फिरवून बघा. बडवर तपकिरी आलं तर तो मळ आणि गंज. हिरवा, लाल, पिवळा आला तर रंग सुटतोय, तिथंच थांबायचं. नाही आला तर मग नखाएवढा एक भाग घ्यायचा, तेल लावायचं, थोडा वेळ ठेवायचं, फिरवायचं, टिपायचं, बड फेकून द्यायचा, नवीन घ्यायचा. मार्जोरीच्या अक्षरांपाशी आलात की तर फिरवायचं पण नाही, नुसतं टेकवून उचलायचं, सोनेरी शाई सगळ्यात आधी जाते. एक बाजू करायला एक संध्याकाळ गेली तरी जाऊ दे. चिकट गाळ तेलानं निघत नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात साध्या लिक्विड साबणाचा एक थेंब, ओला नाही तर दमट बड, आणि लगेच कोरड्या कापडानं टिपून हेअर ड्रायरची गार हवा. नळाचं पाणी नको, क्षार राहतात.

गंजाचे डाग पूर्ण जाणार नाहीत हे आत्ताच मान्य करून टाका. गंज म्हणजे वर बसलेली घाण नव्हे, पत्र्याचाच तेवढा भाग गेलेला असतो. तेलानं तो काळपट होतो, स्थिर होतो, पुढं सरकायचा थांबतो, तेवढंच आपल्याला पाहिजे. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोल्ड्रिंक, संडासचं अ‍ॅसिड, हे सगळे उपाय व्हिडिओत लई भारी दिसतात कारण तिथं नुसता लोखंडी पाना असतो, त्याच्यावर छपाई नसते. अ‍ॅसिड गंजाबरोबर कल्हईचा थर पण खातं आणि महिनाभरात तिथं दुप्पट गंज येतो. स्टील वूल पण नको. डब्याच्या आतल्या बाजूला, जिथं छपाई नाही, तिथं टॅनिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर बारीक ब्रशनं लावलं तर चालतं, काळं होऊन बसतं, पण कडेवरनं बाहेर ओघळू द्यायचं नाही.

सगळं झाल्यावर वर काय लावायचं? मिरजेत राहतो म्हणल्यावर मला कायम कुणीतरी सुचवतं की सतारमेकरांकडचं लाखेचं पॉलिश मारा, तंबोऱ्याला बघा कसं चमकतं. तंबोऱ्याला चमकतं, मान्य, पण पुढं कधी ते काढायची वेळ आली तर स्पिरिट लागतं आणि स्पिरिटनं जुनी छपाई पण उठू शकते. वार्निश, क्लिअर लॅकर याचं पण तेच. त्यापेक्षा मेणाचा पातळ हात द्या, कारचं साधं वॅक्स मिळतं त्यातलं पॉलिशिंग कंपाउंड नसलेलं बघून घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं. जिथं रंगाचे पापुद्रे उठलेत तिथं मेण पण लावू नका, कापडाबरोबर पापुद्रा निघून येतो.

आता इंजिन. इथं आधी एक धोक्याची गोष्ट. जाम झालेल्या इंजिनात स्प्रिंगला चावी दिलेली आहे का नाही हे तुम्हाला माहीत नाही. पुराच्या आधी कुणी पोरानं पूर्ण चावी देऊन ठेवली असेल आणि गंजामुळं सगळं जागच्या जागी धरलं असेल तर ती स्प्रिंग अजून ताणलेलीच आहे, आणि तुम्ही स्क्रूड्रायव्हरनं दातं ढकलायला गेलात की ती एका झटक्यात सुटते, बोट फाटतं. म्हणून जोपर्यंत ताण उतरलेला नाही तोपर्यंत दात्यात बोट नाही, साइड प्लेट खोलायची नाही.

ताण असा उतरवतात. चाकांच्या दांड्यांवर आणि दात्यांच्या दोन्ही टोकांना पेनिट्रेटिंग ऑइलचा एकेक थेंब, डब्ल्यूडी फॉर्टी पण चालतं एवढ्यापुरतं, आणि दोन-तीन दिवस तसंच ठेवायचं, मधनं मधनं परत थेंब. मग इंजिन हातात धरून ब्रेक मोकळा करायचा आणि मोठं चाक अंगठ्यानं अगदी किंचित पुढं, किंचित मागं. जोर नाही लावायचा. एकदा का केसाएवढी हालचाल मिळाली की निम्मं काम झालं. चाकं फिरायला लागली तर अंगठा चाकावरच दाबून ठेवून हळूहळू सोडत जायचं, पूर्ण उतरेपर्यंत. आणि चाकं हलतच नसतील पण चावीला ताण लागतोय असं वाटलं, तर चावी घट्ट धरून खटका, म्हणजे चावी उलटी फिरू न देणारा छोटा दाता, उचलायचा आणि चावी हातातनं अर्ध्या अर्ध्या फेऱ्यानं सोडायची. हे काम पहिल्यांदा करणार असाल तर घड्याळवाल्याकडं जा, भिंतीवरची जुनी चावीची घड्याळं खोलणारी माणसं सांगली-मिरजेत अजून आहेत, त्यांना हे रोजचं आहे. फक्त त्यांना बजावून सांगा की बॉडीला हात लावायचा नाही, पॉलिश करायचं नाही, नुसतं मशीन बघायचं.

मशीन बॉडीतनं काढताना कुठं स्क्रू असतात, कुठं पत्र्याचे कान दुमडलेले असतात. स्क्रूचं ठीक आहे. कान मात्र एकदा सरळ करायचा आणि एकदा परत दुमडायचा, एवढंच आयुष्य त्याचं धरा, गंजलेल्या पत्र्याचा तर तेवढं पण नाही. त्यामुळं कानवाली बॉडी असेल आणि मशीन जागेवरच मोकळं होत असेल तर उघडूच नका. उघडावं लागलंच तर पातळ सुरीनं कानाखाली जाऊन पूर्ण सरळ न करता जेमतेम निघेल एवढाच उचला. कान तुटला तर सोल्डर करता येतो पण उष्णतेनं पलीकडची छपाई करपते, ओलं फडकं आजूबाजूला गुंडाळून, मोठ्या सोल्डरिंग आयर्ननं, राळ लावून, पटकन करावं लागतं. अ‍ॅसिडवालं फ्लक्स वापरलं तर ते राहिलेलं तिथंच खात बसतं.

मशीन बाहेर निघालं की ते धुवायचं. पूर्वी आम्ही सरळ रॉकेलमध्ये बुडवायचो, आता रॉकेल मिळणं अवघड, तर पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन घ्या, स्टीलच्या वाटीत मशीन बुडवा, जुन्या टूथब्रशनं दाते घासा, स्प्रिंगच्या वेटोळ्यातनं गाळ निघेपर्यंत दोन-तीनदा पाणी बदलल्यासारखं बदला. गॅलरीत करा, देवाजवळ दिवा लावलेल्या खोलीत नको. पूर्ण वाळल्यावर दांड्यांच्या टोकांना सुईनं शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, स्प्रिंगच्या वेटोळ्यात थोडं ग्राफाइट ग्रीस, बास. खोबरेल तेल घालणारे महाभाग आहेत, डिसेंबरात ते थिजतं आणि मग म्हणतात इंजिन थंडीत चालत नाही. डब्ल्यूडी फॉर्टी घालून सोडून देणारे पण आहेत, ते जाम सोडवायला चांगलं पण त्यातलं बरंचसं उडून जातं, वंगण म्हणून टिकत नाही.

स्प्रिंग तुटलेली निघाली तर घाबरू नका. बहुतेक वेळा ती टोकाला, जिथं हुकात अडकते तिथं तुटते, तेवढंच टोक ज्योतीवर लाल करून, हळू गार करून नरम करायचं आणि नवीन आकडा वळवायचा किंवा भोक पाडायचं, घड्याळवाले करतात. मधोमध तुटली असेल तर बदलावी लागते. चावी हरवली असेल तर मशीनच्या चौकोनी दांड्याचं माप व्हर्नियरनं घ्या आणि कुपवाड एमआयडीसीत कुठल्याही टूलरूमला सांगा, चौकोनी भोक पाडलेली पितळी चावी करून देतात. इंग्लंडमध्ये हॉर्नबीचे नवीन बनवलेले पार्ट मिळतात, चाकं, चाव्या, अक्षरांचे ट्रान्सफर सगळं, पण टपाल आणि कस्टम धरून बघा, एका चावीसाठी परवडत नाही.

चाकांबद्दल एक गोष्ट तुमच्यापेक्षा दुसऱ्यांना जास्त लागू पडेल. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांत ओतीव चाकं आणि पार्ट मॅझॅक नावाच्या जस्ताच्या मिश्रधातूचे आहेत, त्यात शिशाची थोडी जरी भेसळ राहिली असेल तर तो धातू वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतो, बारीक तडे जातात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. याला झिंक पेस्ट म्हणतात, म्हणजे जस्ताची कीड. औषध नाही. दमट हवेत वेग वाढतो. चाकांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले, चाक फ्रेमला घासायला लागलं तर ओढाताण करू नका, सुटं करून बाजूला ठेवा आणि चालवायचं असेल तर दुसरी चाकं बसवा, मूळची पुडीत घालून खोक्यात ठेवा. तुमचा सेट युद्धानंतरचा वाटतोय, तरी टॉर्च मारून एकदा बघा.

खोका फेकू नका. सांगतो कारण सगळे फेकतात. गाडी नुसती असणं आणि खोक्यासकट असणं यात जमवणाऱ्याच्या लेखी लई फरक पडतो. फुगलेला पुठ्ठा सेलोटेपनं चिकटवू नका, टेपचा गोंद पिवळा होऊन कागद खातो. टिपकागदाच्या मधे ठेवून वर वजन ठेवा, सुटलेले थर गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवा आणि बुरशी दिसली तर मास्क लावून कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका. ठेवताना डांबर गोळ्या टाकायच्या नाहीत, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि दर पावसाळ्याआधी बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधायचं नाही, आत ओलावा राहिला की तो आतच फिरत बसतो. आणि ट्रंक तळमजल्यावर परत नको हो! कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोबाइलवर बघत रात्र काढणाऱ्या गावात राहतो आपण, माळ्यावर ठेवा.

रुळांवर जास्त वेळ घालवू नका. गंजून सडलेले असतील तर जाऊ द्या, त्यांना भाव नसतो आणि ते बदलून मिळतात. तुम्हाला दोन रुळांचे, १ फूट त्रिज्येचे लागतील. तीन रुळांचे दिसले तर ते करंटच्या गाडीचे. करंटच्या गाडीचा विषय निघाला म्हणून, १९२० च्या दशकातल्या काही गाड्या घरातल्या विजेवर, मधे नुसता बल्ब जोडून चालायच्या, रुळात करंट उघडा. तसलं किंवा कापडी वायरीचा जुना ट्रान्सफॉर्मर कुणाकडं सापडला तर शोकेसमध्ये ठेवा, प्लगमध्ये घालू नका.

आता किंमत. हॉर्नबीची १९३७ ची प्रिन्सेस एलिझाबेथ नावाची विजेवरची गाडी असती तर आपण वेगळं बोललो असतो. एम-वन सेट प्रचंड प्रमाणात निघाले, आजही इंग्लंडात सहज मिळतात, आणि गंजलेला, पुरातला सेट घ्यायला कोण परदेशातला माणूस पैसे पाठवणार नाही. इथं चोरबाजारात कुणी मोठा आकडा सांगितला तर तो त्याचा विकायचा आकडा असतो, तुमच्याकडनं घ्यायचा नसतो. अँटिक म्हणून विकत घ्यायला येणारे लोक मात्र घरी येतील, खोका आणि इंजिन स्वतःकडं ठेवून डबे परत देतील, त्यांना चहा पाजा आणि पाठवून द्या. विकायच्या हिशोबानं बघत असाल तर तुमच्या संध्याकाळी फुकट जातील. घरात ठेवायच्या हिशोबानं बघत असाल तर वर लिहिलंय ते सगळं करण्यासारखं आहे आणि खर्च पण फार नाही.

चालू झाली की पहिल्यांदा निम्मीच चावी द्या, डबे न जोडता, फरशीवर नाही तर प्लायवूडवर रूळ मांडून. वळणावर उडत असेल तर आधी रुळाचे जोड बघा, इंजिनाची चाकं वाकवायला जाऊ नका. आणि चालवून झाल्यावर चावी पूर्ण उतरू द्या, मगच ठेवा. पोरांना बघू द्या, चावी पण देऊ द्या, फक्त तोंडात घालणाऱ्या वयाच्या पोराच्या हातात नको आणि खेळून झालं की सगळ्यांनी हात धुवा. पुण्याला गेलात तर कोथरूडला भाऊ जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे ते पोरांना दाखवून आणा, तिथल्या गाड्या छोट्या गेजच्या आहेत, दुरुस्तीचा काही संबंध नाही, पण सिग्नलसकट चालणारं गाव बघितलं की घरच्या दोन डब्यांच्या गाडीला बोर्डावर कुठनं कुठं फिरवायचं ते पोरं स्वतःच ठरवायला लागतात.

इंजिनाच्या खालच्या बाजूचा आणि मागच्या दांड्यांचा जवळनं एकेक फोटो पाठवा, कान आहेत का स्क्रू ते बघून सांगतो. तोवर चावी फिरवू नका.